बलुची नड-सूर नवख्या श्रोत्यांना कसा ऐकवावा?

लांजेकर:
नमस्कार मंडळी. माझे बाबा तरुणपणी परळच्या एका बेंजो पार्टीत वाजवायचे. आता गावी असतात, बेंजो कपाटावर पडून आहे. दोन महिन्यांपूर्वी मी त्यांना नूर बक्ष यांचं वादन ऐकवलं. पाकिस्तानातल्या बलुचिस्तानच्या मकरान किनाऱ्यावर, पसनी गावाच्या बाजूला राहणारे हे वयस्कर कलाकार. २०२२ मध्ये त्यांचा 'जिंगुल' हा अल्बम आला आणि पुढच्या वर्षी ते युरोपात वाजवून आले. पहिल्याच मिनिटाला बाबा म्हणाले, "अरे, हा तर आपलाच बेंजो!"

त्यानंतर मी बलुची संगीत ऐकतच सुटलो आणि नड-सूरपाशी येऊन थांबलो. एक जण लांब बासरी फुंकतोय, शेजारचा घशातून खोल, खरखरीत आवाजात गातोय, तेही एका दमात इतकं लांब की ऐकणाऱ्याचाच श्वास अडकावा. शब्द कळत नाहीत, तरी मी रोज ऐकतो.

आमच्या वाचनालयात महिन्यातून एकदा श्रवणसंध्या असते. वीस-पंचवीस मंडळी येतात. बहुतेक साठीच्या पुढची, भजनं आणि नाट्यगीतं ऐकत वाढलेली. या वेळचा सव्वा तास माझ्याकडे आहे. सुरुवात कशाने करू? दोन मिनिटांत कुणी उठून गेलं तर मला फार लागेल.

तारसप्तक:
बाबांचं म्हणणं खरं आहे. आपला बेंजो आणि नूर बक्ष यांचा बेंजू, दोन्हींचं मूळ जपानचं. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये ताईशोगोतो बनवलं, टायपरायटरसारख्या कळांचं. तेच आपल्याकडे बुलबुल तरंग झालं, गणपतीच्या मिरवणुकीत बेंजो झालं आणि बलुच लोकांकडे आकाराने वाढून बेंजू. सुरुवात बाबांनाच करू द्या. नव्या तारा चढवा, पाच मिनिटं त्यांनी वाजवावं, आणि लगेच नूर बक्ष लावा.

त्यानंतर मी कोक स्टुडिओ, म्हणजे पाकिस्तानातला गाण्यांचा कार्यक्रम, त्यातलं बलुची गाणं घेईन. २०११ चं अख्तर चनाल झहरींचं किंवा २०२२ चं 'काना यारी'. ठेका ओळखीचा असला की माणसं बसतात. नड-सूर शेवटी, तीन मिनिटं पुरे.

मत्रावासी:
तारसप्तक, बेंजोचं अगदी पटलं, तीन मिनिटांचं नाही. नड-सूरचा तुकडा कापून लावला की तो नुसता चमत्कार वाटतो. 'कसला आवाज काढतोय बघ' म्हणतील आणि विसरतील.

मी अकरा वर्षं मस्कतला मत्राच्या बाजूला होतो. ओमानमध्ये बलुच वस्ती मोठी आहे. मकरान किनाऱ्यावरचं ग्वादर बंदर १९५८ पर्यंत ओमानच्याच ताब्यात होतं. आमच्या गोदामातले ड्रायव्हरकाका बलुच. रात्री ट्रक लावून झाला की ते टेपवर 'जहीरोक' लावायचे. जहीर म्हणजे जिवाला लागलेली ओढ, आठवण. त्यांनी सांगितलं, ही गाणी बायका जात्यावर दळताना म्हणायच्या आणि पुरुष उंटांच्या लांबच्या वाटेवर. मला तिथेच माझी आजी आठवली, पहाटे जात्यावर माहेराच्या ओव्या म्हणणारी. तुमच्या मंडळींत अशी एखादी आजी नक्की असेल. तिला आधी दोन ओव्या म्हणायला सांगा, मग सुरोझवरचा जहीरोक लावा. सुरोझ म्हणजे त्यांचं गजाने वाजवायचं वाद्य, सारंगीच्या जवळचं. अर्थ सांगत बसावं लागणार नाही.

गोष्ट गाऊन सांगणाऱ्याला मकरानमध्ये 'पहलवान' म्हणतात. आपल्याकडे पैलवान म्हटलं की आखाडा, तिथे तो आपल्या शाहिराच्या जागी. हानी आणि शेह मुरीद यांची प्रेमकथा तिकडे घराघरांत माहीत आहे. बलुच सरदार मीर चाकर रिंदने शब्दात अडकवून मुरीदकडून त्याची वाग्दत्त वधू हानी मागून घेतली, आणि दिलेल्या शब्दापायी मुरीद फकीर होऊन निघून गेला. एवढी गोष्ट मराठीत सांगा आणि मग दिवे मंद करून नड-सूर लावा. पुरा, न कापता.

नडबद्दल थोडं. दीड-दोन हात लांब पोकळ नळी, चार भोकं, वर फुंकणी नाही. तिरकी धरून फुंकतात. कित्येक वादक फुंकतानाच घशातून एक धरलेला सूर काढतात, आपण तानपुरा लावतो तसा, फक्त इथे तानपुरा गळ्यात. सिंधमध्ये आणि आपल्या जैसलमेरकडेही हा नड आहे. मेंढ्या-उंटांमागे फिरणाऱ्या माणसाला दुसरा साथीदार कुठून मिळायचा!

तारसप्तक:
मान्य. कोक स्टुडिओ मग कार्यक्रम संपल्यावर चहाबरोबर लावा. 'काना यारी'तले अब्दुल वहाब बुगटी दंबुरा हे तंतुवाद्य वाजवतात. त्याच वर्षीच्या पुरात त्यांचं घर गेलं होतं, हे मात्र सांगा. कोट्यवधी लोकांनी ऐकलेला माणूस होता तो.

लांजेकर:
दोघांचे मनापासून आभार. ओव्यांसाठी आमच्या वाडीतल्या काकूंना विचारलं, त्या हो म्हणाल्या. तारा रत्नागिरीहून आणल्या.

काल रात्री आधी बाबांनाच मुरीदची गोष्ट सांगितली आणि नड-सूर लावला. सोळा मिनिटांचा आहे. त्यांनी उठून पंखा बंद केला आणि पुन्हा येऊन बसले. संपल्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्याने श्वास कुठे घेतला ते मला कळलं नाही. परत लाव."