मदत हवी आहे: रात्री बंद असणाऱ्या लिनक्सवर रोजचा बॅकअप कसा लावायचा?

मंडळी, दादरला आमचं हिशेबाचं छोटं ऑफिस आहे. जुन्या डेस्कटॉपवर उबुंटू लिनक्स आहे. क्रॉनटॅबमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या 'क्रॉन'ची यादी) '० २ * * *' लिहून रात्री २ वाजता आरसिंकची (फाइल्स कॉपी करणारं टूल) स्क्रिप्ट लावलीय. हाताने चालवली की व्यवस्थित चालते. अडचण अशी की लोकल गाठायच्या घाईत शेवटी निघणारा माणूस मेन स्विचच पाडतो (सांगून पाहिलं, उपयोग नाही). मशीन बंद असताना हुकलेलं काम क्रॉन नंतर करत नाही.

अॅनाक्रॉन हुकलेलं काम मशीन सुरू झाल्यावर करतं, पण ते रूटच्या (मुख्य अॅडमिन खात्याच्या) नावाने चालतं. मग कॉपी झालेल्या फाइल्सची मालकी बिघडणार नाही ना? की सिस्टमडीचा (लिनक्समधल्या सेवा सुरू-बंद करणारी व्यवस्था) टायमर करून त्यात 'पर्सिस्टंट' (हुकलेलं काम नंतर करणारी सेटिंग) चालू ठेवू? यूजर टायमर (साध्या खात्याखाली चालणारा) लॉगिनशिवाय चालण्यासाठी 'लिंगर' ही सेटिंग लागते, एवढं कळलंय.

खरी भीती वेगळीच आहे. सकाळी मशीन सुरू होताच काम सुटलं आणि बाहेरची डिस्क तोवर माउंट झालेली (तिच्या फोल्डरला जोडली गेलेली) नसली, तर आरसिंक त्या रिकाम्या फोल्डरमध्येच सगळं ओतून आतली डिस्क भरून टाकेल. हे टायमरमध्येच अडवता येतं, की स्क्रिप्टमध्ये तपासावं लागेल? कुणी असं चालवत असेल तर फाइलमधल्या ओळी टाका, प्लीज.