मदत हवी आहे : केळी उत्पादक कंपनीची माहिती एका जागी ठेवायला कोणती व्यवस्था लावावी? (रावेर)

नमस्कार मंडळी,

रावेर तालुक्यात आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे. सभासद चारशेच्या आसपास, मुख्य काम केळीचं, थोडं खत-औषधांचं दुकान. मी संचालक मंडळावर आहे आणि कार्यालयाचं कामकाज सध्या माझ्याकडे आहे. कंपनीची जवळपास सगळी माहिती दोन-तीन माणसांच्या मोबाइलमध्ये आहे आणि त्यातलं सर्वांत महत्त्वाचं माणूस पुढच्या महिन्यात जाणार आहे. ती माहिती कंपनीची म्हणून राहावी, आणि लागेल तेव्हा लागेल त्याला सापडावी, यासाठी काय करावं? जरा सविस्तर लिहिते, कारण दोन ओळींत विचारलं की "गूगल ड्राइव्ह घ्या" एवढंच उत्तर येतं.

जाणारे आमचे सीईओ आहेत. आम्ही १०,००० एफपीओंच्या (शेतकरी उत्पादक संस्थांच्या) केंद्रीय योजनेतली कंपनी. त्या योजनेत व्यवस्थापन खर्चासाठी तीन वर्षांत मिळून जास्तीत जास्त १८ लाख रुपये मिळतात आणि सीईओ-लेखापालांचा पगार त्यातूनच निघतो. तीन वर्षं झाली की पगार कंपनीने आपल्या उलाढालीतून द्यायचा. आम्हाला आज तो झेपत नाही, त्यांना दुसरीकडे चांगली नोकरी मिळाली आहे, आणि त्यांनी जावं असंच सगळ्यांना वाटतं. माणूस अतिशय प्रामाणिक आहे, विचाराल ते सांगतो. पण काय विचारायचं हेच आम्हाला पुरतं माहीत नाही. माझ्या ओळखीतल्या इतर कंपन्यांमध्येही हेच चाललं आहे, म्हणून हा धागा आमच्यापुरता नाही असं समजा.

आता नेमकं काय कुठे आहे ते सांगते. भागधारकांची यादी, सातबारे, आधारच्या प्रती, बँक पासबुकांचे फोटो त्यांच्या खासगी जीमेलच्या ड्राइव्हवर. ती १५ जीबीची मोफत जागा भरली आहे, कारण त्याच खात्यावर त्यांच्या घरचे फोटो आणि व्हॉट्सअॅपचा बॅकअपही आहे. जीएसटी पोर्टल, एमसीए (कंपनी नोंदणीचं सरकारी) पोर्टल, कीटकनाशक परवान्याचं खातं, या सगळ्यांचे ओटीपी त्यांच्या नंबरवर येतात. जुनी ठरावपत्रं आणि वार्षिक सभेचे इतिवृत्तान्त कार्यालयाच्या कॉम्प्युटरवर आहेत, पण ते श्रीलिपी या जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेले. दुसऱ्या मशीनवर उघडलं तर नुसती इंग्रजी अक्षरांची गिचमीड दिसते, आणि शोधायचं म्हटलं तर शब्द टाकून काहीच निघत नाही.

ही कागदपत्रं तरी हलवता येतील. माझा खरा जीव अडकला आहे तो व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये.

त्या ग्रुपवर गेली काही वर्षं जे जमलं आहे ते दुसरीकडे कुठेही नाही. एक उदाहरण देते. मागच्या पावसाळ्यात एका तरुण सभासदाने मृगबागेतल्या (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या केळीतल्या) पानाचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "हे काय आहे भाऊ". थोड्या वेळाने आमच्यातल्या एका जुन्या बागायतदार आबांची व्हॉइस नोट आली, चांगली पाच-सहा मिनिटांची. करपा (केळीच्या पानांवरचा रोग, इंग्रजीत सिगाटोका) कोणत्या पानापासून चढतो, फवारणीच्या आधी रोगट पान कापून बागेबाहेर न्यायचं, आणि नाल्याकडच्या ओळी पहिल्यांदा बघायच्या कारण तिथे दव उशिरा सुकतं. कोणत्या शिवारात कोणत्या वर्षी तो आधी आला तेही त्यांनी सांगितलं. कृषी विभागाच्या पत्रकात करप्याची लक्षणं आणि औषधं असतात, पण आमच्या नाल्याकाठच्या ओळी नसतात.

या वर्षी दुसऱ्या गावातल्या सभासदाला तोच प्रश्न पडला. ग्रुपवर "करपा" शोधलं तर ती नोट आली नाही. कशी येणार? फोटोवर करपा हा शब्दच नव्हता, आबा बोलले होते, आणि पुढे कोणी "कर्पा" लिहिलं होतं, कोणी रोमनमध्ये, कोणी सिगाटोका. मध्ये वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि रोजचा बऱ्हाणपूरच्या केळी बाजाराचा भाव. शेवटी आबांनाच फोन करून विचारलं. आबांचं वय आता ऐंशीच्या घरात आहे. ते पहाटे बागेत असतात, कुणालाही सांगतात, पण दरवेळी त्यांनाच विचारत राहणं बरोबर नाही असं मला मनापासून वाटतं.

साधनांबद्दल जे वाचलं ते असं. व्हॉट्सअॅप कम्युनिटीने घोषणांचा ग्रुप वेगळा काढता येतो, पण जुनं शोधायची अडचण तशीच. स्लॅक हे कार्यालयीन गप्पांचं अॅप एका ओळखीच्या मुलाने सुचवलं, पण त्याच्या मोफत आवृत्तीत ९० दिवसांच्या मागचं दिसत नाही. आमचं पीकच त्याहून किती तरी लांब चालतं, मृगबागेतला प्रश्न पुढच्या मृगात उपयोगी पडायचा असतो. नोशन हे नोंदी ठेवायचं अॅप दिसायला छान आहे, पण कार्यालयातल्या ताईंना ते अवघड गेलं. झोहोचं नाव बरेच जण घेतात. पुतण्या म्हणतो की डोकूविकी (सगळ्यांनी मिळून माहितीची पानं लिहायचं सॉफ्टवेअर) टाका, फुकट आहे, डेटाबेस लागत नाही, साध्या टेक्स्ट फाइलमध्ये सगळं राहतं. पण सर्व्हर कोण सांभाळणार? पुतण्या पुण्यात असतो. उद्या तोही कामात गुंतला तर आम्ही पुन्हा एका माणसाच्या हवाली.

तर विचारायचं ते असं. संस्थेत नोकरदार तीन, संचालक दहा, बाकी शेतकरी, अशा ठिकाणी कुणी काय वापरतंय आणि दोन वर्षांनंतरही ते चालू आहे का? आबांच्या व्हॉइस नोटसारखं ज्ञान लेखी कसं आणता? आणि सीईओ जाण्याआधी मी त्यांच्याकडून काय-काय घेऊन ठेवू? वर्षाला काही हजार रुपये खर्चायची मंडळाची तयारी आहे, त्यापेक्षा जास्त नाही.

प्रतिसाद १ (धुळे)

ताई, साधन ठरवण्याआधी खातं ठरवा. कंपनीच्या नावाचं डोमेन घ्या, त्यावर सीईओ, कार्यालय, लेखा असे पदाचे ईमेल पत्ते काढा. माणूस बदलला की पासवर्ड बदलतो, पत्ता तोच राहतो. खासगी जीमेलच्या ड्राइव्हमध्ये फाइल ज्याने बनवली त्याच्या मालकीची असते. तुम्हाला शेअर केलेली असली तरी त्याने खातं बंद केलं की ती गेली. गूगलच्या पैसे देऊन घ्यायच्या सेवेत शेअर्ड ड्राइव्ह म्हणून प्रकार आहे, त्यातल्या फाइली संस्थेच्या मालकीच्या राहतात. झोहो वर्कड्राइव्हमध्ये टीम फोल्डर त्याच कामाचे. कोणत्या प्लॅनमध्ये काय मिळतं ते घेण्याआधी नीट पाहा, आणि दर माणशी असतो, त्यामुळे चारशे सभासदांना खाती काढू नका. चार-पाच खाती बास.

गूगलची संस्थांसाठी मोफत योजना आहे असं कुणी सांगेल. ती विनानफा संस्थांसाठी आहे. उत्पादक कंपनी सभासदांना लाभ वाटते, तुम्ही त्यात बसणार नाही. त्यात वेळ घालवू नका.

आणि एक काम याच आठवड्यात करा. जीएसटी पोर्टलवर अधिकृत स्वाक्षरीदाराचा मोबाइल आणि ईमेल नॉन-कोअर (किरकोळ तपशिलाच्या) बदलातून बदलतो, अधिकाऱ्याच्या मंजुरीसाठी थांबावं लागत नाही. सीईओ असतानाच करून घ्या, कारण ओटीपी त्यांच्याकडे येणार. कंपनीच्या नावावर एक सिमकार्ड घ्या आणि तो फोन कार्यालयाच्या कपाटात राहू द्या.

प्रतिसाद २ (अमळनेर)

मी सहकारी संस्थेत सचिव होतो, आता निवृत्त आहे. ताई, सीईओंकडून जे घेऊन ठेवायचं म्हणता त्याला आमच्याकडे चार्ज देणं म्हणत. बदली झाली की जुना आणि नवा माणूस समोरासमोर बसायचे, चार्ज यादी व्हायची, दोघांच्या सह्या. दप्तर किती, किल्ल्या किती, कोणतं प्रकरण कुठे अडलंय, कोणाची वसुली बाकी. यादीवर सही झाल्याशिवाय सुटका नाही.

तुम्हीही तसंच करा, पण एका बैठकीत उरकू नका. सीईओंना सांगा की वर्षाच्या बारा महिन्यांप्रमाणे बोला. एप्रिलमध्ये काय करता, जूनमध्ये काय, सप्टेंबरअखेर वार्षिक सभा, तिच्या नोटिसा कधी निघतात, परवान्याचं नूतनीकरण कधी, विम्याचे अर्ज कधी भरून घेता, कोणत्या व्यापाऱ्याकडून पैसे उशिरा येतात. "तुमच्याकडची माहिती द्या" असं विचारलं तर माणसाला काही सुचत नाही. महिना विचारला की भराभरा आठवतं. लिहून घेणारा दुसरा माणूस ठेवा, सांगणाऱ्याला लिहायला लावू नका.

प्रतिसाद ३ (धडगाव)

आम्ही सातपुड्यात काम करतो, नेटवर्क असून नसल्यासारखं, त्यामुळे ऑनलाइन साधनांचा फार भरवसा धरत नाही. व्हॉइस नोटबद्दल सांगतो. गूगल डॉक्समध्ये आणि जीबोर्डवर मराठी व्हॉइस टायपिंग आहे, शहरी मराठीला ते ठीक चालतं. बोलीभाषेत बोललं की शब्दाचं भलतंच होतं. आमच्याकडे पावरी-भिली, तुमच्याकडे लेवा बोली आणि अहिराणी. म्हणून आम्ही असं करतो : गावातली बारावी झालेली मुलगी नोट ऐकते आणि स्वतःच्या शब्दांत पाच-सात ओळी लिहिते. मूळ ऑडिओ त्याच पानावर जोडून ठेवते. वरती ठरलेले शब्द टाकते : पीक, महिना, गाव, रोगाचं नाव, आणि त्या नावाचे लोक लिहितात ते सगळे प्रकार. कर्पा, करपा, रोमनमधलं, सगळं. शोध लागतो तो त्या ओळीमुळे.

तिला त्याचे पैसे द्या. फुकटात असं काम टिकत नाही.

ग्रुप एक्स्पोर्ट करणार (म्हणजे त्यातलं संभाषण फाइल करून काढणार) असाल तर ध्यानात ठेवा, मीडियासकट घेतलं तर शेवटचे १०,००० मेसेज येतात आणि मीडियाविना ४०,०००. तुमचा ग्रुप जुना आहे, म्हणजे मागचं सुटेल. महत्त्वाच्या नोटा आधी हाताने फॉरवर्ड करून काढा, तेही जुन्या मोबाइलवरून, कारण ज्याने त्या वेळी डाउनलोड केलं नाही त्याला आता ते मिळणार नाही.

प्रतिसाद ४ (जळगाव)

मी शेतीशाळा घेतो, म्हणून एक काळजी. आबांचं निरीक्षण सोन्यासारखं आहे, ते जसंच्या तसं ठेवा. पण औषधाचं प्रमाण ग्रुपवरून उचलून पानावर लिहू नका. प्रोपिकोनॅझोल मिनरल ऑइलमध्ये किती, कोणत्या वेळी, हे पालच्या कृषी विज्ञान केंद्राकडून किंवा जळगावच्या केळी संशोधन केंद्राकडून तपासून घ्या आणि पानावर तपासल्याची तारीख टाका. औषधांवर बंदी येते, निर्यातीच्या मालात औषधाचा अंश किती चालतो याची मर्यादा वेगळी असते. चार वर्षांपूर्वीचं पान बघून कुणी फवारलं आणि कंटेनर अडकला तर नाव कंपनीचं जाईल.

आधारच्या प्रतीही चारशे जणांच्या ग्रुपवर फिरू देऊ नका. २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायदा आहे. ज्या कागदाचं काम संपलं तो ठेवायचाच का, हा विचार करा, आणि ठेवायचा तर मास्क केलेलं (शेवटचे चार अंक सोडून बाकी क्रमांक झाकलेलं) आधार ठेवा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमची बारा महिन्यांची पद्धत कालच सुरू केली. लेखापाल लिहून घेतात, सीईओ बोलतात. जूनवरच तासभर गेला. बऱ्हाणपूरचा भाव पडला की आमच्या भागातला कोणता व्यापारी कापणी पुढे ढकलतो आणि तेव्हा बोलणी कशी करायची, हे त्यातून पहिल्यांदा मंडळाला कळलं. तीन वर्षं हे त्यांच्या डोक्यात होतं आणि आम्ही मासिक सभेत फक्त ताळेबंद बघत होतो.

जीएसटीचा नंबर बदलायचा अर्ज केला. सिमकार्ड कंपनीच्या नावावर घेतोय. सॉफ्टवेअरपुरतं मंडळाचं असं ठरतंय की चार पदांची खाती आणि एक सामाईक ड्राइव्ह, विकी सध्या नको. सभासदांसाठी व्हॉट्सअॅपच राहील, फक्त प्रश्नाचं उत्तर लिहून झालं की त्या पानाची लिंक ग्रुपवर टाकायची. धडगावच्या दादांनी सांगितलं तसं काम करायला गावातली एक मुलगी तयार आहे, तिच्या मानधनाचा ठराव पुढच्या सभेत मांडते.

दोन गोष्टी अजून अडल्या आहेत. श्रीलिपीतले इतिवृत्तान्त युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरं आणि रफार बिघडतात. फाइली बऱ्याच आहेत, हाताने दुरुस्त करणं शक्य नाही. त्यांची छपाई करून स्कॅन घ्यावा आणि ड्राइव्हमधून गूगल डॉक्सने अक्षरं ओळखून घ्यावीत, हा मार्ग कुणी वापरला आहे का? मराठी छापील मजकुरावर तो किती भरवशाचा आहे?

दुसरं, आबा लिहिलेलं वाचत नाहीत. त्यांच्या नावाने पान तयार झालं की ते त्यांना वाचून दाखवून बरोबर आहे का हे विचारायचं आहे, पण आमच्या कार्यालयातल्या कुणालाच केळीतलं तेवढं कळत नाही की कुठे अर्थ बदलला ते लगेच लक्षात यावं. पालच्या केंद्रातले विषयतज्ज्ञ अशा कामासाठी गावात येऊन बसतात का? त्यासाठी पत्र कुणाच्या नावाने द्यायचं, हे माहीत असेल तर कृपया लिहा.