घराच्या भिंतीत चांदीचे रुपये सापडलेत, ठेवले तर चालतील का?

घाटावरचा
मंडळी सल्ला हवाय. सातारा जिल्ह्यात गावाकडचं घर आहे, वडिलांनी १९८८ ला विकत घेतलेलं, आधीचे मालक मग मुंबईला गेले. गेल्या आठवड्यात माजघराची भिंत पाडताना गवंड्याला कोनाड्यामागे तांब्याचा गडू सापडला, आत ३७ चांदीचे रुपये, बरेचसे राणीछाप. बिचाऱ्याने तसाच आणून हातात दिला, मी दोन हजार दिले आणि कुठं बोलू नको म्हटलं (लिहिताना आता कसंतरीच वाटतंय). बायको म्हणते घर भिंतींसकट घेतलंय, आई म्हणते दुसऱ्याचं पुरलेलं लाभत नाही. खरं सांगायचं तर मला ठेवायचेत.

कोल्हापुरी तडका
ठेवा की राव. पुरणारा कधीच गेला वर. जुना रुपया म्हणजे बरोबर एक तोळा, ३७ तोळे झाले, ओळखीचा सोनार गाठून आटवा, विषय संपला.

नाणीवेडा
आटवू नका हो!! आणि चिंचेने घासूपण नका, नाण्याची किंमत जाते. पंचम जॉर्जचा १९११ चा आहे का बघा, त्याच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून बोंब झालेली, डुक्करछाप म्हणतात त्याला. आणि सगळ्यात नवीन नाणं कुठल्या सालचं?

घाटावरचा
१९३८. एकच आहे तसं.

नाणीवेडा
म्हणजे गडू १९३८ च्या आधी पुरलेला असूच शकत नाही. १९४० पासून सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली, तेव्हा लोकांनी जुने रुपये दाबून ठेवले, त्यातलंच असणार. तुमच्या वडिलांनी घर घेतलं तेव्हा पुरणाऱ्याची मुलं हयात असतील दादा, हे काय पेशव्यांचं धन नाही.

रिटायर्ड भाऊसाहेब
तलाठी म्हणून नोकरी झाली, म्हणून सांगतो. १८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा अजून चालू आहे. जमिनीत किंवा भिंतीत दडवलेलं दहा रुपयांच्या वर काही सापडलं (हो, दहाच, आकडा तेव्हाचाच आहे) की कलेक्टरला लेखी कळवायचं. दडवलं तर ज्याला सापडलं त्याला एक वर्षापर्यंत कैद, जागामालकाने साथ दिली तर सहा महिने. कलेक्टर नोटीस काढतो, शंभर वर्षांच्या आत आपल्या पूर्वजाने पुरलं असं कुणी म्हणालं तर त्याला कोर्टात सिद्ध करायची संधी मिळते. कुणीच आलं नाही तर चारातले तीन हिस्से ज्याला सापडलं त्याला आणि एक हिस्सा जागामालकाला, आपसात काही वेगळं ठरलं नसेल तर. आणि ज्याला सापडलं तो म्हणजे तुम्ही नाही हो, गवंडी.

घाटावरचा
बापरे. म्हणजे दोन हजार देऊन मी त्यालाच अडकवला?

माहेरची सातारकरीण
कायदा राहू दे बाजूला, तुमच्या आईंचं बरोबर आहे. आमच्या आजीने असेच रुपये लेकीच्या लग्नासाठी साठवलेले, अचानक गेली, कुठं ठेवले ते कुणाला सांगितलंच नाही. घर विकलं तरी आई शेवटपर्यंत म्हणायची त्या भिंतीत आमचं काहीतरी आहे. आम्ही चेष्टा करायचो तिची. भाऊ, नंबर असेल तर फोन करा त्या आधीच्या मालकांना.

कोल्हापुरी तडका
फोन केला की संपलं, बघाच.

घाटावरचा
केला काल. सूनबाई बोलल्या, सासऱ्यांना विचारते म्हणाल्या. त्यानंतर आत्तापर्यंत तीन चुलतभावांचे वेगवेगळे फोन आलेत, प्रत्येकजण म्हणतोय माझ्याच आजोबांनी ठेवलेले, दुसऱ्या कुणाला देऊ नका. एकाला तर ३७ चे ७० वाटतायत, बाकीचे कुठं गेले विचारत होता.

रिटायर्ड भाऊसाहेब
कुणालाच हातात देऊ नका. गवंड्याला बरोबर घ्या, पंचांसमोर मोजा, फोटो काढा आणि सोमवारी दोघांच्या सहीने अर्ज द्या. वारस कोण ते त्यांचं त्यांना भांडू द्या.

घाटावरचा
गवंडी फोन उचलत नाहीये.