मदत हवी आहे : फणसाडला सगळ्यांना घेऊन जायचंय

नमस्कार मंडळी. डिसेंबरात मुरूडला मामाकडे जमतोय, तेव्हा एक सकाळ फणसाड अभयारण्यात घालवायचा विचार आहे. सुपेगावच्या बाजूने आत जाऊ. आम्ही नऊ जण : ७१ वर्षांचे बाबा (गुडघे कुरकुरतात, पण मानत नाहीत) आणि तीन पोरं, सगळ्यात धाकटा सहाचा.

बाबांना झेपेल अशी, चढ कमी असलेली वाट कुठली? वाटाड्या गावातलाच मिळाला तर उत्तम, चार पैसे तिथेच राहतील. त्याला आदल्या दिवशी सांगावं लागतं का?

पोरांना शेकरू बघायचाय. जंजिऱ्याच्या नवाबाचं हे शिकारीचं रान, हे ऐकल्यापासून तर बिबट्याही हवाय! पाणवठ्यांना तिथे 'गाण' म्हणतात. उन्हाळ्यात जनावरं तिथे येतात, पण डिसेंबरात काही दिसतं का? आणि किती लांब बसावं, म्हणजे आमच्यामुळे कोणी तहानलेलं परत जाणार नाही?

खरी अडचण आमचीच माणसं. मागे एका जंगलात चुलतभावाने ब्लूटूथ स्पीकर लावला, पक्षी सोडा, कावळासुद्धा फिरकला नाही. वर वेफर्सची पाकिटं मीच वेचत बसले. यंदा घावणे-चटणी डब्यातून नेणार, पाणी स्टीलच्या बाटल्यांत. स्पीकर मामाच्या कपाटात, किल्ली माझ्याकडे. पण गारंबीचा वेल दिसला की झोका घेणाऱ्या पोरांना, आणि मोठ्यांना, कसं आवरता तुम्ही?