स्ट्रक्चरल पॉवर म्हणजे नेमकं काय? उदाहरण देऊन सांगा

नेट_अभ्यासू: आंतरराष्ट्रीय राजकीय अर्थशास्त्राच्या अभ्यासक सूझन स्ट्रेंज यांची रिलेशनल पॉवर (समोरच्याला थेट भाग पाडणं) आणि स्ट्रक्चरल पॉवर (सगळ्यांना ज्या चौकटीत वागावं लागतं ती चौकटच ठरवणं) वाचली, सुरक्षा, उत्पादन, वित्त, ज्ञान या चार रचना पण पाठ झाल्या, तरी डोक्यात शिरत नाहीये. दोन्हीत शेवटी बलवान देशाचंच चालतं ना, मग दोन वेगळी नावं कशाला?

मेघना_के: इराणच्या तेलाकडे बघ. अणुकार्यक्रमावरच्या निर्बंधांमुळे 2012 ला इराणी बँकांना स्विफ्टमधून, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश यंत्रणेतून काढलं, आणि स्विफ्ट तर बेल्जियमची. आपल्या रिफायनऱ्यांना तेल हवं होतं, इराणला विकायचं होतं, अडलं कुठे तर पैसे पाठवायचे कसे, कारण डॉलरचा व्यवहार फिरून फिरून अमेरिकन बँकांतूनच क्लिअर होतो. मग यूको बँकेत रुपयाचं खातं काढलं, तिचा अमेरिकेत कारभार नव्हता म्हणून. तेलाच्या बिलाचा 45 टक्के भाग तिथे जमा व्हायचा आणि त्या रुपयांतून इराणने आपल्याकडचाच बासमती, चहा, औषधं घ्यायची. म्हणजे तेल विकून आलेला पैसा कुठे खर्चायचा हे पण इराणच्या हातात नाही. ही स्ट्रक्चरल.

दादर_वाचक: मेघनाताई, पटलं नाही. 2018 ला ट्रम्पने इराणबरोबरचा अणुकरार मोडून पुन्हा निर्बंध लावले, आपल्याला त्यातून सहा महिन्यांची सवलत दिली, मे 2019 ला ती संपली आणि आपण तेल घेणं बंद केलं. हा सरळ सरळ दम आहे, रिलेशनल!

मेघना_के: दम आहेच, पण तो चालतो कशाच्या जोरावर ते महत्त्वाचं. फ्रान्स, जर्मनी, ब्रिटन या तिघांना करार टिकवायचा होता, त्यांनी 2019 ला इराणशी डॉलरशिवाय व्यवहार करायला इन्स्टेक्स नावाची वेगळी यंत्रणा उभी केली, मार्च 2020 ला वैद्यकीय सामानाचा एक व्यवहार झाला आणि 2023 ला गुंडाळली. सरकारं म्हणतायत धंदा करा आणि कंपन्याच नको म्हणतायत, कारण 2014 ला बीएनपी पारिबा या फ्रेंच बँकेला अमेरिकेने निर्बंध मोडल्याबद्दल जवळपास 9 अब्ज डॉलरचा दंड लावलेला सगळ्यांनी बघितला होता. अमेरिकेला प्रत्येकाला वेगळा फोन करायची गरजच उरत नाही.

नेट_अभ्यासू: आत्ता कळलं ताई! मग चीनचं रेअर अर्थ (मॅग्नेट वगैरेसाठी लागणारी दुर्मिळ खनिजं) कशात बसेल?

मेघना_के: उत्पादनाच्या रचनेत. एप्रिल 2025 ला चीनने निर्यातीला लायसन्स लावलं आणि आपल्या गाड्यांच्या कंपन्या मॅग्नेटसाठी धावायला लागल्या. खनिज बाकी देशांतही आहे, पण शुद्ध करायचे कारखाने बहुतेक चीनमध्येच, उत्तरात हा मुद्दा नक्की लिही.