लहानपणी राहून गेलेली बाल-कुमार पुस्तकं आता वाचायची आहेत: क्रम कसा लावू, प्रत कुठली घेऊ?

कागदी_होडी

बाल आणि कुमार वाचकांची गाजलेली पुस्तकं शाळेच्या वयात राहून गेली, तो अनुशेष आता भरून काढायचा आहे. 'ही शंभर वाचायलाच हवीत' छापाच्या याद्या पोत्याने मिळतात, त्यामुळे यादी नको. अडचणी वेगळ्याच आहेत. 'ट्रेझर आयलंड' दोनदा घेतलं, दोनदा पाचव्या प्रकरणात सुटलं. 'लिटल विमेन'ची मिळालेली प्रत मध्येच संपल्यासारखी संपली. नार्नियाच्या सात पुस्तकांत पहिलं कोणतं, यावर दोन संचांचं एकमत नाही. वेळ रोज अर्धा तास. इंग्रजी वाचता येतं, पण शे-दीडशे वर्षांपूर्वीचं जड जातं. मराठी अनुवाद चांगला असेल तर उत्तमच.

प्रत घेताना काय बघावं, कुठल्या क्रमाने जावं आणि काय सरळ वगळावं?

---

जुनी_बांधणी

'लिटल विमेन' मध्येच संपली, कारण ती अर्धीच होती. पहिला भाग १८६८ साली आला, दुसरा १८६९ साली. ब्रिटनमध्ये दुसरा भाग 'गुड वाइव्ज' या वेगळ्या नावाने निघायचा, त्यामुळे पहिल्या भागाशी थांबणाऱ्या प्रती आजही मिळतात. अनुक्रमणिका उघडा. २३ प्रकरणं असतील तर अर्धं पुस्तक, ४७ असतील तर पूर्ण. तुमची गोष्ट चोविसाव्या प्रकरणापासून, तीन वर्षांनंतर, मेगच्या लग्नाच्या गडबडीपासून पुढे सुरू होते.

हीच सवय सगळीकडे ठेवा: मुखपृष्ठावर विश्वास ठेवू नका, प्रकरणं मोजा. 'ट्रेझर आयलंड' ३४, 'सीक्रेट गार्डन' २७, 'ॲन ऑफ ग्रीन गेबल्स' ३८, 'पिनोकियो' ३६. 'रीटोल्ड', 'अब्रिज्ड', 'अडॅप्टेड' हे शब्द बहुतेक वेळा आतल्या श्रेयपानावर बारीक टायपात असतात, बाहेर दिसत नाहीत.

पण मोजणीने एकच प्रकारची कात्री पकडता येते. दुसरी जास्त लबाड असते: प्रकरणं तेवढीच ठेवायची आणि आतले संवाद, वर्णनं छाटायची. त्यासाठी पानं बघावी लागतात. साध्या छापील पानावर साधारण ३०० शब्द धरा. 'ट्रेझर आयलंड' सुमारे ६७ हजार शब्दांचं आहे, म्हणजे चित्रं सोडून सव्वादोनशेच्या आसपास पानं हवीत. मोठ्या टायपात १२० पानांत उरकलं असेल तर परत ठेवा.

'पिनोकियो'साठी याहून सोपी परीक्षा आहे. चौथं प्रकरण उघडा. उपदेश करणाऱ्या बोलक्या रातकिड्याला पिनोकियो तिथे लाकडी हातोडा फेकून मारतो आणि किडा भिंतीला चिकटून मरतो. तुमच्या प्रतीत किडा नुसता रागावून निघून गेला असेल, तर मजकूर गुळचट केलेला आहे. १८८१ साली मुलांच्या साप्ताहिकात ही गोष्ट क्रमशः येत होती तेव्हा लेखक कोलोदीने पंधराव्या प्रकरणात बाहुल्याला झाडाला फाशी देऊन ती संपवलीच होती. वाचकांच्या मागणीमुळे ती पुढे वाढली. हा काळाकुट्ट रंग काढून टाकला की उरतो तो एक खोडकर बाहुला, आणि मोठ्या वाचकाला त्यात काही रस राहत नाही.

ज्यूल व्हर्नचं दुखणं कात्रीपेक्षा अनुवादाचं आहे. 'ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी'चा लुइस मर्सियरचा जुना इंग्रजी अनुवाद १८७० च्या दशकातला. त्यात मूळ मजकुराचा जवळजवळ चौथा हिस्सा गाळला आहे, आणि आकडेमोडीत असे घोळ आहेत की पोलादाची घनता पाण्यापेक्षा कमी निघते. (तसल्या पोलादाची पाणबुडी बुडवून दाखवणं कॅप्टन नेमोलाही जमलं नसतं.) अनुवादकाचं नाव न छापता निघालेल्या स्वस्त प्रतींत बऱ्याचदा हाच मजकूर असतो. प्रोजेक्ट गुटेनबर्ग या ई-पुस्तकांच्या संकेतस्थळावर मर्सियरचाही आहे आणि एफ. पी. वॉल्टरचा नवा, पूर्ण अनुवादही आहे, दोन्ही फुकट. वॉल्टरचा उतरवून घ्या.

---

शब्दमोज्या

'ट्रेझर आयलंड' पाचव्या प्रकरणात सुटणं अगदी स्वाभाविक आहे. पहिली पाच प्रकरणं खाणावळीत आणि तिच्या आसपासच जातात. जहाज सुटतं दहाव्या प्रकरणात, आणि गोष्टीला खरी कलाटणी मिळते अकराव्यात, सफरचंदांच्या पिंपात लपलेला निवेदक जिम वर चाललेलं बोलणं ऐकतो तेव्हा. प्रकरण सरासरी दोन हजार शब्दांचं. मिनिटाला २०० शब्द या आरामाच्या वेगाने अर्ध्या तासात तीन प्रकरणं होतात, म्हणजे चौथ्या दिवशी तुम्ही त्या पिंपाशी पोचता. तोवर सोडायचं नाही, एवढंच ठरवा.

पुढे आणखी एक खड्डा आहे. सोळा ते अठरा ही तीन प्रकरणं जिम सांगत नाही, डॉक्टर लिव्हसी सांगतो, आणि प्रसंगही थोडा मागे जातो. हे माहीत नसलं की 'हा मी कोण?' म्हणून वाचक गोंधळतो. एकोणिसाव्यात जिम परत येतो. शिडं-दोरखंडांच्या शब्दांसाठी दर वेळी शब्दकोश उघडू नका. 'स्कूनर' म्हणजे शिडाचं जहाज आणि 'कोराकल' म्हणजे कातड्याची टोपलीवजा होडी, एवढ्यावर निभावतं.

आता क्रम. सनावळीप्रमाणे जुन्याकडून नव्याकडे येऊ नका, ढोबळमानाने उलटे जा. जुनं इंग्रजी जड जातं ते लांब वाक्यांमुळे, आणि त्याची सवय हळूहळू होते. सुरुवात 'शार्लट्स वेब'ने करा: १९५२ चं, सुमारे ३२ हजार शब्द, पाच-सहा दिवसांचं काम. पहिल्याच पानावर बाप कुऱ्हाड घेऊन कुठे निघालाय, असं मुलगी न्याहारीच्या तयारीत विचारते; प्रस्तावना नाही, वर्णन नाही. मग 'होल्स' (१९९८). यात ५० चिमुकली प्रकरणं आणि एकमेकांत गुंतलेले तीन काळ आहेत, म्हणून ते सात-आठ दिवसांत सलग संपवा. मध्ये आठवडा गेला की कांदे, पीच आणि पाली यांचे धागे हातातून निसटतात आणि शेवट फुकट जातो. मग 'द गिव्हर' (१९९३), मग 'सीक्रेट गार्डन' (१९११), आणि त्यानंतर 'ट्रेझर आयलंड' (१८८३). 'सीक्रेट गार्डन'मध्ये यॉर्कशरची बोली आहे, ती मनात वाचून कळली नाही तर मोठ्याने वाचा, कळते.

हॅरी पॉटर एका दमात काढायचा बेत असेल तर आधी हिशेब करा. सातही मिळून १० लाख ८० हजारांच्या आसपास शब्द, म्हणजे रोज अर्ध्या तासाने सहा महिने. पहिलं ७७ हजारांचं, दोन आठवड्यांत होतं. पाचवं एकटंच २ लाख ५७ हजारांचं. तिसऱ्यात २२ प्रकरणं, चौथ्यात एकदम ३७. पहिली तीन वाचा, मध्ये दुसरं काहीतरी घ्या, मग चौथं. एरवी बाकीची सगळी यादी तुंबते.

---

तळटीप

नार्नियाबद्दल. पुस्तकं निघाली त्या क्रमाने वाचा: 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब' (१९५०), 'प्रिन्स कॅस्पियन' (१९५१), 'डॉन ट्रेडर' (१९५२), 'सिल्व्हर चेअर' (१९५३), 'द हॉर्स अँड हिज बॉय' (१९५४), 'मॅजिशियन्स नेफ्यू' (१९५५), 'लास्ट बॅटल' (१९५६). १९९० च्या दशकापासूनच्या संचांत 'मॅजिशियन्स नेफ्यू'वर १ हा आकडा असतो, कारण त्यात नार्नियाचा जन्म आहे. पण ते आधी वाचलं तर बर्फात एकटाच जळणारा रस्त्यावरचा दिवा बघून ल्यूसीबरोबर आपण चकित होत नाही. तो तिथे कसा आला ते आधीच माहीत असतं.

'ॲन'च्या मालिकेत उलट भानगड आहे. 'विंडी पॉप्लर्स' (१९३६) आणि 'इंगलसाइड' (१९३९) लेखिकेने फार उशिरा लिहिली आणि आधीच्या पुस्तकांमधल्या फटींत बसवली. संचात ती चौथी आणि सहावी दिसतात. पहिली तीन वाचा, मग 'हाउस ऑफ ड्रीम्स', आणि जमलं तर शेवटचं 'रिला' (१९२१). ती दोन राहिली तरी काही अडत नाही.

'अर्थसी' मालिकेचं दुसरं पुस्तक सुरू केल्यावर चुकीचं पुस्तक आलं असं वाटेल. नायक गेड बराच वेळ दिसतच नाही, गोष्ट तेनार नावाच्या मुलीची असते. तसंच आहे, पुढे जा. 'पर्सी जॅक्सन'ची पहिली पाच (२००५ ते २००९) पूर्ण गोष्ट सांगतात, तिथे थांबता येतं. 'हंगर गेम्स'ची मूळ तीन २००८ ते २०१० मधली. मागचा काळ सांगणारी नंतरची पुस्तकं त्या तिन्हींनंतरच घ्या.

वगळायचं म्हणाल तर 'रॉबिन्सन क्रूसो' (१७१९) आणि 'गलिव्हर' (१७२६) या यादीतून काढा. ही मुळात मोठ्यांची पुस्तकं. कापून कापून ती मुलांची झाली. वाचायची तर मोठ्यांची म्हणून, पूर्ण वाचा. 'हायडी'चे पुढचे भागही सोडा, ते मूळ लेखिकेचे नाहीतच, अनुवादकाने लिहिलेले आहेत.

---

उलटा_पंखा

नार्नियाबाबत अंशतः असहमत. खुद्द नार्नियाचा लेखक सी. एस. लुइस याने १९५७ साली एका मुलाला लिहिलेल्या पत्रात कथेच्या कालक्रमाला पसंती दिली होती.

---

तळटीप

दिली होती, आणि त्याच पत्रात क्रमाने फारसं बिघडत नसेल असंही लिहिलं होतं. पहिल्यांदा वाचणाऱ्याने दिव्याचं कोडं जपावं, दुसऱ्या फेरीत हवा तो क्रम लावावा.

---

घडीव_अक्षर

मराठीचं बघू. आतल्या पानावर 'अनुवाद', 'रूपांतर' की 'आधारित' असं लिहिलंय ते आधी पाहा. अनुवादात पात्रं आणि गावं मूळची राहतात. रूपांतरात ती मराठी होतात आणि प्रसंगही बदलू शकतात. 'आधारित' असेल तर मूळ पुस्तक वाचल्याचं खातं उघडू नका, ते वेगळं पुस्तक समजा. संक्षेप झालाय का हे इथेही प्रकरणं मोजूनच कळेल.

'तोत्तोचान' बिनधास्त मराठीत वाचा. मूळ जपानी १९८१ चं, मराठी अनुवाद चेतना सरदेशमुख गोसावी यांचा. तुकडे दोन-तीन पानांचे, थकल्या डोळ्यांनाही झेपतात. व्हर्न मराठीत आणण्याचं मोठं काम भा. रा. भागवतांनी केलं, पण नावं मुळाशी जुळत नाहीत; 'मुक्काम शेंडेनक्षत्र' हे 'ऑफ ऑन अ कॉमेट' आहे हे नावावरून कुणाला कळणार? मूळ नाव आतल्या पानावर शोधा, नाहीतर एकच गोष्ट दोन भाषांत दोनदा विकत घ्याल. भागवतांचा 'फास्टर फेणे' कुठूनही उघडला तरी चालतो.

मराठीतलं मूळ लेखन अनुशेषात धरलंय ना? प्रकाश नारायण संतांचा लंपन मात्र क्रमानेच: 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर'. ही मुलाबद्दलची पुस्तकं आहेत, मोठेपणी जास्त उमगतात. कानडी वळणाची बोली आणि लंपनची अवाच्या सवा आकडे फेकायची सवय यांची पहिल्या गोष्टीत अडखळ होते, दुसरीत तीच हवीशी वाटते. 'श्यामची आई' ४२ रात्रींत विभागलेलं आहे. रोज एकच रात्र वाचा. चार-पाच सलग वाचल्या की रडू साचून बधिर व्हायला होतं.

जुनं इंग्रजी ऐकायला सोपं जातं. लिब्रिव्हॉक्सवर स्वामित्वहक्क संपलेली पुस्तकं फुकट ऐकता येतात, पण वाचणारे स्वयंसेवक असतात आणि कित्येक पुस्तकांत दर प्रकरणाला आवाज बदलतो. तपशिलात 'सोलो' लिहिलेलं ध्वनिमुद्रण निवडा आणि समोर पुस्तक उघडं ठेवून पहिली तीन प्रकरणं ऐका.

---

कागदी_होडी

सगळ्यांचे आभार. तपासलं, 'लिटल विमेन' २३ प्रकरणांचीच निघाली. एक राहिलं: रोआल्ड डालच्या प्रती बदलल्यात म्हणतात, त्याचं काय? आणि 'ॲलिस' वाचून काहीच हाती लागत नाही, ते का?

---

जुनी_बांधणी

डालच्या इंग्रजी पुस्तकांतले काही शब्द आणि वाक्यं पफिन या प्रकाशनसंस्थेने बदलल्याचं २०२३ साली बाहेर आलं, त्यावर गदारोळ झाला आणि मूळ मजकुराची 'क्लासिक कलेक्शन' मालिकाही सोबत काढण्याचं त्यांनी जाहीर केलं. मूळच हवं असेल तर मुखपृष्ठावर ते नाव बघा किंवा त्याआधीची छपाई घ्या.

'ॲलिस' (१८६५) बाराच प्रकरणांची आहे, तरी अडते, कारण तिच्यातल्या बऱ्याच कविता त्या काळी मुलांकडून घोकून घेतलेल्या उपदेशपर कवितांची विडंबनं आहेत. मूळ कविता पाठ असल्याशिवाय विडंबनाला हसू कसं येणार? अनुवादात तर श्लेषही जातात. मार्टिन गार्डनरची टिपांसह आवृत्ती, 'द ॲनोटेटेड ॲलिस' (१९६०, पुढे वाढवलेली), घ्या. टिपा समासात आहेत, पान उलटावं लागत नाही. प्रत्येक प्रकरण आधी टिपांकडे न बघता वाचा, मग फक्त टिपा वाचा. टेनिएलची मूळ चित्रं नसलेली प्रत घेऊ नका, कारण ग्रिफिन कसा दिसतो हे माहीत नसेल तर चित्र बघा, असं मजकूरच सांगतो.