तारे नसलेलं प्रीस्कूल चालेल का? (न्यू जर्सी)

मुक्ताची आई: आम्ही एडिसनला राहतो. लेकीला सप्टेंबरपासून प्रीस्कूलला घालायचंय. एका शाळेला ‘ग्रो एनजे किड्स’ या राज्याच्या दर्जा ठरवणाऱ्या योजनेचे तीन तारे आहेत, दुसरीला काहीच नाही. दुसरी वाईट समजायची का?

सदाफुली: नाही हो, त्यात भाग घेणं ऐच्छिक आहे. २०१३ मध्ये न्यू जर्सीला केंद्राच्या ‘रेस टू द टॉप’ स्पर्धेतून सुमारे ४.४ कोटी डॉलर मिळाले, त्यातून ही तारांकन योजना वाढली. मी प्रीस्कूलमध्ये सहायक शिक्षिका आहे. तारे ठरवायला माणूस वर्गात येऊन बसतो, बाई मुलांशी कशा बोलतात तेही बघतो. चांगलंच आहे ते. तरी तुम्ही स्वतः एक सकाळ जाऊन बसा. मूल रडलं की त्याच्याजवळ कोण खाली बसतं, ते बघा. माझ्या लेखी तेच सगळ्यात मोठं.

पर्थ अँबॉयकर: आमच्या पर्थ अँबॉय गावात तीन-चार वर्षांच्या मुलांना प्रीस्कूल मोफत आहे, गरीब भागांतल्या शाळांच्या निधीबद्दलच्या ‘अ‍ॅबट’ खटल्याच्या १९९८च्या निकालामुळे. वर्गात जास्तीत जास्त १५ मुलं. तुमच्या स्कूल डिस्ट्रिक्टलाही (गावातल्या सरकारी शाळा चालवणारं मंडळ) विचारा.

मुक्ताची आई: विचारते. लेक फक्त मराठी बोलते, तिचं अडेल का?

सदाफुली: मुळीच नाही. इंग्रजी वर्गात येईल, घरी मराठीच बोला. फक्त ‘शू’, ‘पाणी’, ‘दुखतंय’ हे शब्द बाईंना लिहून द्या.